गाडीचं डिझेल जातं कुठे?



आपल्या वर्गात तिघे जण भाड्याची गाडी चालवतात. तेव्हा आज डिझेलविषयी बोलू.

गेल्या मे महिन्यात आम्ही साताऱ्याहून पुण्याला गेलो. आमच्या मंडळींना डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. गाडी आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याची. ऊन रणरणत होतं. "एसी लाव रे बाबा," आम्ही म्हणालो. तो म्हणाला, "गुरुजी, एसी लावला की डिझेल जातं. मग या फेरीत मला राहतं काय? हप्ता कुठून भरू?" आम्ही गप्प बसलो. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. तो फिरवायला इंजिनाला जादा जोर लागतो. जोर म्हणजे डिझेल. गावात हळू चालताना हा खर्च चांगलाच जाणवतो. तिथे काचा उघडाव्यात. पण मोठ्या रस्त्यावर वेगात असताना उघड्या खिडकीतून वारा घुसतो नि गाडीला मागे ओढतो. एसीचं वाचलेलं बरंचसं डिझेल तो वाराच खातो.

त्यात हा पठ्ठ्या ९० च्या खाली येईना. वाऱ्याचा अडसर वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे कसं? ६० चा वेग ९० केला, तर वेग दीडपट झाला. अडसर मात्र दीड गुणिले दीड, म्हणजे सव्वादोनपट. पाटीवर मांडून पाहा. पुढे ट्रक दिसला की कचकन ब्रेक, मग पुन्हा पाय दाबून वेग. डिझेल जाळून वेग मिळवायचा, तो ब्रेकवर घालवायचा, नि पुन्हा विकत घ्यायचा! चहाला थांबलो, तर दहा मिनिटं इंजिन नुसतंच चालू. आणि आमच्या मंडळी घामाने निथळत बसलेल्या.

कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. तिथे त्याने गाडी न्यूट्रल केली. म्हणाला, "आता फुकटचा प्रवास, गुरुजी."

फुकटचा कुठला! आताच्या गाड्यांत गिअर ठेवून पाय उचलला, तर उतारावर इंजिनाला डिझेल जाणंच थांबतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जागं ठेवायला थोडं जळतंच. शिवाय गिअरमधलं इंजिन गाडीला धरून ठेवतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर. ब्रेक फार तापले की धरत नाहीत. याच उतारावर २०२२ च्या नोव्हेंबरात एका ट्रकने एकामागून एक कितीतरी गाड्यांना धडका दिल्या होत्या.

आम्ही ओरडलोच. त्याने मुकाट्याने गिअर टाकला. मास्तरकीचा आवाज अजून चालतो तर!

परत येताना त्याने वेग ७० वर ठेवला, काचा लावल्या नि एसी सुरू केला. आमच्या मंडळींना झोप लागली.

आता तो दर वेळी टाकी काठोकाठ भरतो. किती किलोमीटर झाले, किती लिटर बसलं, ते वहीत लिहितो. भागाकाराला आमच्याकडे येतो. दशांशचिन्ह अजून चुकवतो.