आधी कानस, मग रंग



वडगावच्या या व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझ्या विषयाचं नाव ‘स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार घरच्या घरी नवी करा’ असं छापलंय. त्यामुळं आज पुढच्या दोन रांगा पोरांनी भरल्यात. दोघांनी तर गिटारीच आणल्यात. आनंद वाटला. रंगाचं सगळं सांगणार आहे, पण शेवटी. आधी कानशीबद्दल बोलायचंय.

माझी सगळी नोकरी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवण्यात गेली. नवीन पोरगा आला की त्याच्या हातात लोखंडाचा ठोकळा आणि कानस. घास. सपाट झाला का? गुण्या लाव, उजेडाकडं धरून बघ, फट दिसते? परत घास. पोरं वैतागायची, लेथवर कधी जायचं म्हणून विचारायची. त्यांना मी जे सांगायचो तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

गोष्ट माझ्या भाच्याची. त्यानं सात हजारांची गिटार घेतली. सहा महिन्यांत म्हणाला, “मामा, ही बेसूर आहे. पिकअप बदलू आणि निळा रंग मारू.” मी वाजवणारा नव्हे, पण कान आहे. मोकळ्या तारा सुरात होत्या. मानेवरच्या पहिल्या-दुसऱ्या पट्टीवर, म्हणजे फ्रेटवर, बोट दाबलं की सूर वर चढायचा. म्हणजे बिघाड विजेत नव्हता. तरी खात्री करावी म्हणून गिटार पाठीला लावली, भाच्याला घेतलं आणि हातकणंगल्याहून पॅसेंजरनं मिरज गाठली.

मिरजेचं मी तुम्हाला काय सांगणार? दर्गा, उरूस, अब्दुल करीम खाँसाहेब, पटवर्धन संस्थानिक, हे सगळं तुमच्या शेजारचंच. सतारमेकर गल्लीत एका वयस्कर कारागिराकडं गेलो. तुनाच्या लाकडाचा वास, कोपऱ्यात पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळलेले भोपळे, मांडीवर सतार. त्यांनी गिटार घेतली. रंग बघितला नाही, पिकअप बघितले नाहीत. वरच्या टोकाला, जिथं तारा खाचांतून जातात, तिथं नख फिरवलं. मग पहिल्या पट्टीवर तार किती उंच आहे ते डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, “हिची जवारी केलेलीच नाही कुणी.”

मी म्हटलं, “चाचा, गिटारीला जवारी नसते.”

“तार दोन जागी टेकते का नाही? टेकते. मग जवारी आहे.”

(टाळ्या)

टाळ्या त्यांच्यासाठी वाजवा, मी फक्त निरोप आणलाय. यात एक बारकावा आहे आणि तो मला परतीच्या गाडीत सुचला. सतारीच्या घोडीचा माथा रुंद असतो. पूर्वी हस्तिदंताचा, सांबरशिंगाचा करायचे, आता उंटाच्या हाडाचा किंवा फायबरचा करतात. त्याला कानशीनं इतका हलका उतार देतात की हलणारी तार त्याला अलगद घासत जावी. त्या घासण्यातूनच सतारीचा झंकार फुटतो. हा उतार देणं म्हणजेच जवारी. गिटारीत नेमकं उलटं असतं. तिथं तार कुठल्याही पट्टीला घासली की खरखर. एका वाद्यात तार घासावी म्हणून कानस चालते आणि दुसऱ्यात घासू नये म्हणून. मोजमाप मात्र दोन्हीकडं केसाएवढंच.

आता जरा बाजूला जातो. मिरजेत असं सांगतात, की दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी संस्थानात गवई-वादक येऊ लागले, त्यांची वाद्यं बिघडायची आणि दुरुस्त करणारं कुणी नव्हतं. ते काम फरीदसाहेबांकडं गेलं. घराणं शिकलगारांचं, हत्यारांना धार लावणारं. ज्या गावात सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे त्या गावाला शिकलगार म्हणजे काय हे सांगायला नको. मला लहानपणी या गोष्टीचं नवल वाटायचं. तलवारवाला एकदम सतारवाला कसा झाला? कानस हातात घेतल्यावर कोडं सुटलं. धार म्हणजे काय? पात्याची कड एका रेषेत आणणं. जवारी म्हणजे काय? हाडाचा माथा एका रेषेत आणणं. ज्याला खरवडताना बोटाच्या टोकाशी उंचवटा कळतो त्याला दोन्ही जमतं. आणि बघा, मिरजेचा हा अख्खा उद्योग दुरुस्तीतून उभा राहिला. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं मूळ कुणाच्या तरी बिघडलेल्या वाद्यात आहे. शिकलगारांवर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं, मी येईन...

(समोरून एक विद्यार्थी : “सर, पण पिकअप बदलला की आवाज बदलतोच की!”)

बदलतो. मी नाही म्हटलंय का? बस, बाळ, तुझा मुद्दा महत्त्वाचा आहे. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या इनॅमल तारेचे काही हजार वेढे. आपल्याकडं शेतातली मोटर जळाली की भरून आणतो ना, तीच विद्या, फक्त तार केसासारखी. स्वस्त गिटारीत बहुधा खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली असते. भारीत अल्निकोचे खांब असतात, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्र धातूचे. फरक पडतो, मान्य. पण पिकअप हा माइक नव्हे. पोलादी तार चुंबकापुढं जशी हलते, तेवढंच त्याला कळतं. तार पट्टीला आपटत असेल तर महागडा पिकअप ते आपटणं जास्त स्वच्छ ऐकवील.

(हशा)

हसू नका, यात पोरांचे पैसे जातात म्हणून मी तळमळीनं सांगतोय. एक दाखला देतो. १९६३ साली लंडनजवळ ब्रायन मे नावाच्या शाळकरी पोरानं वडिलांबरोबर घरीच गिटार करायला घेतली. मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, तारा हलवायच्या यंत्राला मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. पुढं तो क्वीन या बँडमध्ये जगभर तीच गिटार वाजवत राहिला. त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला. तर या ब्रायन मेनं पिकअपसुद्धा आधी घरीच केले होते. ते मनासारखे झाले नाहीत, विकतचे बसवले. म्हणजे पिकअप बदलणं चूक नाही. पण तार जिथं टेकते ती घोडी, तिच्यावरचे छोटे रूळ, हे त्यानं हातानं घडवले आणि तेच ठेवले. बाळ, याच्यावर विचार कर.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. बरं. भाच्याच्या गिटारीला काय केलं ते सांगतो.

पहिल्यांदा मान. तार पहिल्या आणि शेवटच्या पट्टीवर दाबून सातवीपाशी बघा, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी फट हवी. नसेल तर मानेतली सळई ॲलन कीनं पाव फेरा फिरवा. पाव म्हणजे पावच. मग पट्ट्या. लाकडावर चिकटपट्टी लावा, पट्ट्यांच्या माथ्यावर मार्करची शाई फासा आणि लांब सपाट कानस हलक्या हातानं फिरवा. उंच पट्टीची शाई आधी जाते, खोलगट राहते. सगळीकडची शाई गेली की थांबा, माथे पुन्हा गोल करा. मग वरच्या टोकाचा प्लॅस्टिकचा तुकडा काढून हाडाचा बसवा. जुन्या तुकड्याच्या खाचा उथळ होत्या म्हणून तार उंच राहायची, दाबताना ताणली जायची, म्हणून सूर चढायचा. तिसऱ्या पट्टीवर तार दाबली तर ती पहिलीवर नुसती तरंगली पाहिजे. शेवटी घोडी. बारावी पट्टी तारेच्या बरोबर मध्यावर असते, ६४८ मिलिमीटरच्या तारेत ३२४ वर. तिथं दाबलेला सूर मोकळ्या तारेच्या वरच्या षड्जाशी जुळेपर्यंत घोडीचा तुकडा मागं-पुढं करा. सतारीचे पडदे सरकवता येतात, गिटारीचे ठोकलेले असतात, म्हणून ही सोय घोडीत. या सगळ्याला दोन रविवार गेले. पिकअप जुनेच आहेत.

आता रंग. पाचच मिनिटं आहेत, भराभर सांगतो. तारा, तारकाम, पिकअप सगळं काढा, काढण्याआधी फोटो घ्या. कारखान्याचा लेप जाड असतो, तो सगळा उतरवायच्या भानगडीत पडू नका. पॉलिश पेपरनं खरखरीत करा, टवके पडलेत तिथं लांबी भरा, २४०, मग ४००. तोंडाला मास्क लावाच. मग प्रायमर, मग रंगाचे पातळ हात. हायवेवरच्या गॅरेजवाल्याला विचारा, तो अजून ‘ड्यूको’ म्हणतो. ते ड्यूपाँटनं १९२०च्या दशकात मोटारींसाठी काढलेलं लॅकर. फेंडर कंपनीचे गिटारींचे नावाजलेले रंग मोटारींच्याच रंगपेटीतून आले. ‘लेक प्लॅसिड ब्लू’ कॅडिलॅकचा, ‘फिएस्टा रेड’ फोर्ड थंडरबर्डचा. त्यामुळं भाच्याचा निळा रंग गाड्यांच्या रंगाच्या दुकानातच मिळाला. काम मृगाच्या आधी उरका. हवेत ओल असली की लॅकर पांढुरकं पडतं. फवारण्याआधी अंगणात पाण्याचा सडा मारा म्हणजे धूळ बसेल, आणि मगच गिटार दोरीला टांगा. शेवटच्या हातानंतर तीन-चार आठवडे तिला बोट लावायचं नाही. मग पाणीपेपर १००० आणि २०००, मग रबिंग पॉलिश.

दुसरी चिठ्ठी आली. घरघर घालवायला आत तांब्याची पट्टी लावून अर्थिंग कसं करायचं ते राहिलं, खाली भेटा.

भाच्याची गिटार मी आणलीय, इथं टेबलावर आहे. मघाशी प्रश्न विचारणाऱ्या मुलानं आधी पुढं यावं. बारावी पट्टी दाब, तार छेड, मग मोकळी छेड. ॲम्प्लिफायर लावू नका, तसंच ऐकू द्या त्याला. पंखे जरा बंद करा हो.