मुलांचा खेळ आणि नफ्याचा खेळ

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

मागील बैठकीत आपल्या काही भगिनींनी एक ठराव मांडला होता. लहान मुलांसाठी काढलेले व्हिडिओ गेम सरसकट घातक आहेत, सबब त्या सर्वांवर बंदी घालावी अशी मागणी आपण शासनाकडे करावी, असा त्याचा आशय होता. ठराव या बैठकीपर्यंत राखून ठेवण्यात आला आणि त्यावर विचार मांडण्याचे काम माझ्याकडे आले. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाने मुलांच्या खेळांवर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु या प्रश्नाच्या मुळाशी जाऊ लागलो की अखेर अर्थशास्त्राशीच गाठ पडते.

ठराव मांडणाऱ्या भगिनींची तळमळ मी जाणतो. माझी नात आठ वर्षांची आहे. आईच्या फोनवर ती एक खेळ खेळत असे. त्यात एक पिल्लू पाळायचे असते. खेळ बंद करू लागले की पिल्लू रडू लागते आणि त्याला शांत करणारा खाऊ खऱ्या पैशांनी विकत घ्यावा लागतो. "आजोबा, मी झोपले तर ते रात्रभर रडेल का?" असे तिने एकदा मला विचारले. त्या क्षणी हा ठराव समोर असता, तर मीही त्यावर सही केली असती. तरीही आज मी ठरावाच्या विरोधात बोलणार आहे.

आपल्यापुढील प्रश्न असा आहे की, मुलांसाठी केलेला व्हिडिओ गेम खऱ्या अर्थाने चांगला असू शकतो काय? चांगला म्हणजे केवळ निरुपद्रवी नव्हे, आणि पाढे पाठ करून घेणाराही नव्हे. चांगले बालनाट्य किंवा मुलांसाठी लिहिलेले चांगले पुस्तक ज्या अर्थाने चांगले असते, त्या अर्थाने चांगला. या प्रश्नाला दोन ठरावीक उत्तरे मिळतात. एक पक्ष म्हणतो, हे विष आहे. दुसरा म्हणतो, यातून मुलांचे गणित सुधारते. ही उत्तरे परस्परविरोधी दिसली, तरी दोहोंचे गृहीतक एकच आहे. दोन्ही पक्ष मुलाला एक रिकामे भांडे समजतात. एकाला त्यावर झाकण ठेवायचे आहे, दुसऱ्याला ते भरायचे आहे. मूल स्वतः विचार करते, निर्णय घेते, चुकते आणि चुकीचा अर्थ लावते, ही गोष्ट दोघेही विसरतात.

तेव्हा एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. १९७१ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डॉन रॉविच नावाचा एक तरुण शिकाऊ शिक्षक मिनियापोलिस शहरातील आठवीच्या वर्गाला इतिहास शिकवीत होता. एकोणिसाव्या शतकात हजारो कुटुंबे गाड्यांमधून पश्चिमेकडील ओरेगनच्या मुलखात स्थलांतरित झाली, तो प्रवास त्याला शिकवायचा होता. बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर हे त्याचे दोन सोबती गणिताचे शिकाऊ शिक्षक होते. तिघांनी मिळून अवघ्या दोनेक आठवड्यांत 'द ओरेगन ट्रेल' हा संगणकावरील खेळ रचला. त्या काळी वर्गात पडदाही नव्हता. टेलिटाइप यंत्रावर मुले आपला निर्णय टंकित करीत आणि उत्तर कागदावर छापून येई.

या खेळाची १९८५ सालची सुधारलेली आवृत्ती जगभर प्रसिद्ध झाली. गेल्या उन्हाळ्यात मी ती नातीबरोबर खेळलो. इंग्रजी मजकूर मी तिला मराठीत सांगत होतो. प्रारंभीच खेळ विचारतो, तुम्ही कोण? बँकवाला, सुतार की शेतकरी? बँकवाल्याला १,६०० डॉलर मिळतात, सुताराला ८०० आणि शेतकऱ्याला ४००. त्या पैशांत बैल, अन्न, कपडे, काडतुसे आणि गाडीचे सुटे भाग घ्यायचे. मग रोज किती वेगाने चालायचे, पोटभर खायचे की अर्धपोटी राहायचे, नदी गाडीसह पायउतारावरून पार करायची की पैसे देऊन तराफ्याने, हे ठरवायचे. शिकार कितीही केली, तरी एका वेळी शंभर पौंडच मांस गाडीपर्यंत नेता येते. वाटेत कॉलरा होतो, हगवण होते, माणसे मरतात. अखेरीस गुण मोजताना सुताराचे गुण दुप्पट आणि शेतकऱ्याचे तिप्पट होतात, कारण त्याने अधिक खडतर परिस्थितीत वाट काढलेली असते.

नातीने अर्थातच बँकवाला निवडला. दुसऱ्या दिवशी तिने शेतकरी निवडला आणि निम्म्या वाटेतच तिची गाडी अडली. तेव्हा तिने विचारले, "रस्ता तर तोच होता, मग शेतकऱ्याकडेच पैसे कमी का?" मित्रहो, मर्यादित साधनांची वाटणी, आरंभीची विषमता आणि तिचे परिणाम हे विषय मी पदव्युत्तर वर्गात अनेक वर्षे शिकवले. इतका नेमका प्रश्न मला फार थोड्या विद्यार्थ्यांनी विचारला असेल. त्या खेळाने तिला कोणताही उपदेश केला नव्हता. तिच्या निर्णयाचे परिणाम त्याने तिच्यापुढे प्रामाणिकपणे ठेवले, आणि प्रश्न तिचा तिला सुचला.

हा खेळ निर्दोष आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. ज्या भूमीवरून त्या गाड्या गेल्या, ती मोकळी नव्हती. तेथील मूळ रहिवाशांची होती. १८५० च्या कायद्याने ओरेगनमध्ये वसाहत करणाऱ्या गोऱ्या दांपत्याला ६४० एकरांपर्यंत जमीन फुकट मिळे, आणि ती कोणाची होती हा प्रश्न त्या खेळात उपस्थितच होत नाही. ही टीका अमेरिकेत पुढे झाली आणि २०२१ च्या नव्या आवृत्तीसाठी मूळ रहिवाशांच्या इतिहासाच्या अभ्यासकांचा सल्ला घेण्यात आला. ज्या कृतीशी असा वाद घालता येतो, त्या कृतीत काहीतरी म्हटलेले असते. रडणाऱ्या पिल्लाशी कसला वाद घालणार?

आता अर्थशास्त्राकडे येतो. १९७३ साली मिनेसोटा राज्याने शाळांना संगणकाची सोय करून देण्यासाठी 'मेक' या नावाने ओळखली जाणारी सार्वजनिक संस्था काढली. रॉविच तेथे नोकरीला लागला आणि १९७४ साली त्याने आपला खेळ संस्थेच्या संगणकावर चढवला. तो राज्यभरच्या शाळांना खुला झाला. मूल किती वेळ खेळते, यावर कोणाचे उत्पन्न अवलंबून नव्हते. पुढे १९९१ साली राज्याने ही संस्था सुमारे साडेबावन्न लाख डॉलरना खाजगी गुंतवणूकदारांना विकली. पाचच वर्षांत ती सुमारे ३७ कोटी डॉलरना पुन्हा विकली गेली. ज्या कंपनीत ती विलीन झाली, ती १९९९ साली मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने सुमारे साडेतीनशे कोटी डॉलरना घेतली, प्रचंड तोटा सोसला आणि दुसऱ्याच वर्षी ती अंगावेगळी केली. शिक्षकांनी वर्गासाठी केलेली आणि जनतेच्या पैशावर वाढलेली वस्तू सट्ट्याच्या बाजारात कशी फिरते, याचा हा धडा आहे. मूळ तिघा शिक्षकांना त्यातून रॉयल्टी मिळाली नाही.

परंतु यावरून 'सरकारी ते चांगले, खाजगी ते वाईट' असा सोपा निष्कर्ष काढू नका. तो वस्तुस्थितीला धरून होणार नाही. १९९२ साली रॉन गिल्बर्ट आणि शेली डे यांनी अमेरिकेत 'ह्युमंगस' ही खाजगी कंपनी काढली. गिल्बर्ट यांनी त्यापूर्वी मोठ्यांसाठी नावाजलेले खेळ केले होते. तीच मेहनत आणि तोच विनोद त्यांच्या कंपनीने लहान मुलांच्या खेळांत आणला. 'फ्रेडी फिश' किंवा 'पट-पट' खेळताना मुलाला घाई नसते, शिक्षा नसते. कोडे सुटेपर्यंत हवा तितका विचार करता येतो, आणि गोष्ट संपते. या कंपनीलाही नफाच हवा होता. मात्र खेळाची किंमत ती एकदाच घेई. खेळ मुलाच्या हाती पडला, की तिचा व्यवहार पूर्ण होई.

माझ्या मते भेद नेमका येथे आहे. आजचा 'फुकट' खेळ मुलाच्या हाती पडतो, तेव्हा व्यवहार संपत नाही, सुरू होतो. उत्पन्न मुलाच्या वेळेतून आणि अधीरतेतून काढायचे असल्याने खेळ कधीच संपता कामा नये, अशी त्याची रचना केली जाते. बेल्जियमने २०१८ साली खेळांतील पैसे घेऊन उघडणाऱ्या 'नशिबाच्या पेट्या' जुगार ठरवल्या. २०२२ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत 'फोर्टनाइट' काढणाऱ्या एपिक कंपनीने एकूण ५२ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. मुलांची खाजगी माहिती गोळा करणे आणि नकळत खरेदी करायला लावणे, असे आरोप होते. आपल्या देशातही २०२५ च्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. तिचे मी स्वागत करतो. पण बंदीने वाईट वस्तू फार तर हटते, चांगली निर्माण होत नाही.

योगायोग असा, की ज्या १९७१ साली मिनियापोलिसमध्ये तो खेळ जन्मला, त्याच वर्षी आपल्याकडे बालभारतीने 'किशोर' मासिक सुरू केले. तेव्हा मी शाळकरी मुलगा होतो आणि अंकाची वाट पाहत असे. बाजारात सवंग वाचन होते म्हणून मुलांचे वाचन बंद करा, असे तेव्हा कोणी म्हटले नाही. सार्वजनिक पैशाने चांगले लेखक आणि चांगले चित्रकार मुलांसाठी कामाला लावले गेले.

तेच आज खेळांच्या बाबतीत का होऊ नये? बैलगाडीचा प्रवास आपल्याला परका नाही. बीडहून ऊसतोडीला निघालेले एखादे कुटुंब घ्या. मुकादमाकडून उचल किती घ्यायची, बैल आजारी पडला तर काय करायचे, मुलीला बरोबर फडावर न्यायचे की शाळेसाठी आजीपाशी ठेवायचे, आणि हंगाम संपला तरी उचल फिटली नाही तर पुढे काय, असे निर्णय ती माणसे दरवर्षी घेतात. हा खेळ मराठीत व्हावा. तो रचताना ऊसतोड कामगारांच्या मुलांनाच विचारावे, म्हणजे ओरेगनच्या खेळातली चूक आपल्या हातून होणार नाही. त्यासाठी तिघे तरुण शिक्षक आणि थोडा सार्वजनिक निधी पुरेसा आहे. १९७१ साली तर तेवढाही निधी नव्हता.

म्हणून ठरावात मी अशी दुरुस्ती सुचवतो. मुलांच्या खेळांत खेळ सुरू असताना पैसे मागण्यास शासनाने मनाई करावी. आणि शाळांसाठी मराठीत खुले, विनामूल्य खेळ करवून घेण्याची जबाबदारी सार्वजनिक संस्थेवर टाकावी. भगिनींनी यावर साधकबाधक चर्चा करावी. माझी नात पिल्लाचा खेळ आता खेळत नाही. परंतु त्याऐवजी तिच्या हाती काय द्यायचे, हे तिने मला विचारले आहे, आणि मराठीत देण्याजोगे माझ्यापाशी अद्याप काही नाही.