अम्मीची मांडी म्हणजे सीट नव्हे

बाळाचा खर्च मोजताना आपण दवाखाना, डायपर, शाळेची फी धरतो. कारसीट मात्र चैन वाटते. 2019 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालसीटशिवाय नेलं तर 1000 रुपये दंड आहे. दंडाचं सोडा. ताशी 50 किलोमीटरच्या वेगात धडक बसली, तर मांडीवरचं मूल कुणाच्याही हातांना आवरत नाही.

आमच्या छोट्या गाडीत मागे दोन बालसीट लावल्या की मधे अम्मी कशाबशा मावतात. तिसऱ्याचं नावच नको! आयसोफिक्सचे हूक बहुधा खिडकीकडच्या दोनच जागांना असतात. म्हणून पैसे देण्याआधी सीट आपल्याच गाडीत लावून पाहा. आणि अकीक्याला चांदीचे वाळे आणणाऱ्या मामू-खालांना आधीच सांगा: सगळे मिळून सीट द्या.