हॉटेलातील पदार्थ घरच्या चुलीवर : एका अ‍ॅपचे पाठटाचण

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात रत्नागिरी येथे दिलेले भाषण)



आपल्या युवक शाखेने यंदा एक नवा संकल्प सोडला आहे. हॉटेलात आवडीने खाल्ले जाणारे पदार्थ घरच्या घरी करता यावेत, म्हणून मोबाईलवर चालणारे एक अ‍ॅप तयार करावयाचे, असा तो संकल्प होय. त्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपुरते. जन्म प्राथमिक शाळेत पाढे व बाराखडी शिकविण्यात गेला. संगणकविद्येत आम्हांस गती नाही. परंतु तरुणांनी आपला आराखडा दाखविला, तेव्हा ही वस्तू आम्हांस परकी वाटली नाही. ज्यास जे येत नाही, ते त्यास क्रमाक्रमाने शिकविणे हेच तिचे कार्य आहे. शिक्षक ज्यास पाठाचे टाचण म्हणतो, तेच येथे काचेच्या पडद्यावर मांडावयाचे आहे. म्हणून शिक्षकाच्याच दृष्टीने काही विचार आपणापुढे ठेवितो.

टाचण काढताना पहिला प्रश्न असा, की विद्यार्थी कोण? आराखड्यात 'गृहिणींसाठी' असा शब्द योजिला आहे. आमच्या मते येथेच थोडे थांबावयास हवे. घरची माउली वर्षानुवर्षे स्वयंपाक करीत आली आहे. तिला चूल पेटविण्यास शिकविण्याचे कारण नाही. उलट, हे अ‍ॅप केवळ तिच्यासाठी काढले, तर ते शिकविण्याचे साधन न राहता फर्मानांची यादी होईल. दर रविवारी घरातील मंडळी पडद्यावरील चित्रावर बोट ठेवून 'आज हे कर' म्हणतील, आणि तिचे ओझे तेवढे वाढेल. खरा विद्यार्थी तो, की ज्याने आजवर पातेल्यास हात लावला नाही. नोकरीनिमित्त पुण्यास किंवा मुंबईस चौघांत एक खोली करून राहिलेला आपला मुलगा, वसतिगृहातील मुलगी, आखातात गेलेला भाऊ, आणि सेवानिवृत्त होऊन घरी बसलेले आमच्यासारखे पुरुषही, हा या शाळेचा पहिला वर्ग होय.

कोकणच्या माणसास हा प्रश्न नवा नाही. आपल्या मागल्या पिढ्यांतील चाकरमानी मुंबईच्या गिरण्यांत कामास गेले, चाळीतील खोलीत दाटीवाटीने राहिले, आणि महिन्याच्या बोलीवर खाणावळीत जेवले. त्या खाणावळी चालविणाऱ्या कष्टाळू स्त्रियांस प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने संघटित केले. पुढे जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, कामगार पांगले आणि खाणावळींचे गिऱ्हाईकही पांगले. त्या चाकरमान्याच्या नातवास आज खाणावळीची ती माउली दिसत नाही. तो मोबाईलवर बोट दाबतो आणि दारात पुडके येऊन पडते. यात त्याच्या पगाराचा केवढा भाग जातो, हे त्याच्या मातापित्यांनीच त्यास विचारावे. त्यास स्वतःच्या हाताने चार पदार्थ करता येणे, हा चैनीचा नव्हे, स्वावलंबनाचा प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न मापाचा. मराठीत पाकशास्त्रावरील ग्रंथांची परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली प्रसिद्ध झाले. परंतु १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने जे घराघरांत स्थान मिळविले, त्याचे एक मोठे कारण असे, की त्यांनी माप दिले ते वाटीचे आणि चमच्याचे. नवशिक्या सुनेपाशी तराजू नव्हता. वाटी मात्र होती. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, हे अध्यापनाचे सूत्र त्यांनी स्वयंपाकघरात आचरून दाखविले.

तथापि प्रत्येक घरची वाटी सारखी नसते. ग्रंथ याबाबत काही करू शकत नाही. अ‍ॅप करू शकेल. म्हणून आमची सूचना अशी, की अ‍ॅपचा पहिला पाठ पदार्थाचा नसावा, वाटीचा असावा. एक लिटरची बाटली घ्यावी आणि आपल्या वाटीने ती पाण्याने भरावी. पाच वाट्यांत भरली, तर वाटी २०० मिलिलिटरची. आठ वाट्या लागल्या, तर १२५ ची. हा आकडा एकदा अ‍ॅपला सांगितला, की पुढील सर्व मापे त्याने त्याच वाटीत करून द्यावीत. एवढे गणित यंत्राने केले, तरी निम्मे पदार्थ बिघडण्यापासून वाचतील.

आता हॉटेलातील पदार्थाचे मर्म पाहू. आचारी शंभर माणसांचे करतो. आपणांस चौघांचे हवे. येथे त्रैराशिक मांडून पंचविसाने भागले, म्हणजे काम झाले, असे नव्हे. मोठ्या पातेल्यातून पाणी आटण्याचे मान निराळे, लहान पातेल्यातून निराळे. म्हणून पाणी, मीठ व तिखट यांचे प्रमाण चौघांसाठी पुन्हा करून, चाखून ठरवावे लागते. अग्नीही निराळा. हॉटेलात १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर आणि मोठी शेगडी असते. आपल्या घरी १४.२ किलोचा सिलिंडर आणि लहान शेगडी. हॉटेलच्या प्रखर आचेवर नूडल्स क्षणात परतून निघतात. घरी तेवढाच ढीग कढईत घातला, तर कढई थंड होते, भाज्यांस पाणी सुटते आणि सारे गिचगोळा होते. उपाय सोपा आहे. एका वेळी दोघांपुरतेच करावे. अ‍ॅपने हे कारणासह सांगावे. कारण समजले, की विद्यार्थी पुढचा पदार्थ स्वतःच्या बुद्धीने करू शकतो.

तसेच हॉटेलातील आचारी मागणी आल्यावर प्रत्येक भाजी आरंभापासून करीत नाही. कांदा-टोमॅटोचा मसाला सकाळीच भाजून तयार असतो. त्यात कोठे पनीर, कोठे वाटाणा, कोठे काजूचे वाटण पडते. तेव्हा अ‍ॅपनेही पन्नास भाज्यांचे पन्नास पाठ न देता, प्रथम एक मसाला पक्का शिकवावा आणि मग त्यावरून पाच भाज्या कराव्यात. मिसळीचेही तसेच. २०१५ साली दादरच्या 'आस्वाद'मधील मिसळीस लंडनमध्ये पारितोषिक जाहीर झाले आणि मराठी माणसास धन्यता वाटली. परंतु मिसळ म्हणजे काय? मटकीची उसळ एक, कट दुसरा, फरसाण तिसरे. तिन्ही निराळी करून पानात एकत्र आणावयाची. मटकी रात्रभर भिजवून पुढे मोड येण्यास आणखी अर्धा दिवस हवा. म्हणजे रविवारच्या मिसळीची आठवण अ‍ॅपने शुक्रवारी रात्रीच करून द्यावयास हवी.

भाषेविषयीही बोलणे अगत्याचे आहे. 'तेल सुटेपर्यंत परतावे' हे वाक्य आपल्या भगिनींस समजते. नवशिक्यास तेल कोठून सुटते, हेच ठाऊक नसते. तेथे चित्र दाखवावे. हात पिठाने भरले असता पडदा काळा होऊ नये. कृती मराठीत मोठ्याने वाचून दाखविण्याची सोय असावी. अक्षर आमच्यासारख्या चष्मेवाल्यांस दिसेल एवढे असावे. आपल्या दऱ्याखोऱ्यांतील वाड्यांत रेंज मिळेलच असे नाही, म्हणून उतरवून घेतलेले पाठ तिच्यावाचून चालावेत. आणि पेटलेल्या तेलावर पाणी कदापि ओतू नये, गॅस बंद करून झाकण ठेवावे, ही सूचना तळणीच्या प्रत्येक पाठाच्या शिरोभागी असावी.

येथे एक नाजूक गोष्ट बोलतो. आपण ती ममत्वाने ऐकावी. अ‍ॅपमध्ये केवळ आपल्या ज्ञातीचे पदार्थ असावेत आणि ते सभासदांपुरतेच राहावे, असा एक सूर निघाला आहे. ज्ञातीच्या पाककृतींचा संग्रह अवश्य व्हावा. परंतु हॉटेलच्या पदार्थास जात विचारणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. याच रत्नागिरीत सावरकरांनी १९३३ साली अखिल हिंदू उपाहारगृह काढले, ते अशासाठी, की ज्यांस एका पंगतीस बसू दिले जात नव्हते, त्यांनी एकत्र बसून खावे. ज्या गावात हे घडले, त्या गावच्या तरुणांनी पदार्थांभोवती कुंपण घालू नये. अ‍ॅप आपल्या मंडळाने करावे, सर्वांनी वापरावे. त्यात आपला मोठेपणा आहे.

तसेच ज्या आचाऱ्याकडून कृती मिळाली, त्याची अनुमती घ्यावी आणि त्याची इच्छा असल्यास त्याचे नाव द्यावे. दुसऱ्याच्या हातचे गुपित चोरून 'अमक्या हॉटेलची हुबेहूब चव' अशी जाहिरात करणे म्हणजे परीक्षेत शेजाऱ्याची वही पाहून लिहिण्यासारखे आहे.

शेवटी परीक्षेचा विषय. अ‍ॅप प्रसिद्ध करण्यापूर्वी ते ज्यांनी कधी स्वयंपाक केला नाही, अशा दहा जणांच्या हाती द्यावे, आणि त्या वेळी त्यांच्या माता-भगिनींनी दुसऱ्या खोलीत स्वस्थ बसून राहावे. ज्या पायरीवर मुलगा अडेल, तेथे मुलास दोष न देता पायरी पुन्हा बांधावी. पाठ न समजणे हा विद्यार्थ्याचा अपराध नव्हे, हे आमच्या व्यवसायातील पहिले तत्त्व होय. त्या दहा जणांच्या हातची मिसळ पुढील संमेलनात आपण सर्वांनी खावी, आणि वाढण्याचे कामही त्यांनीच करावे, अशी सूचना करून, आणि युवक शाखेच्या या उपक्रमास मनःपूर्वक सुयश चिंतून, आम्ही आपली रजा घेतो.