पिशवी कुणाच्या हातात?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार शब्द बोला असे मंडळाने सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत, सभेत उभे राहण्याची सवय नाही. पण आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "अहो, विषय कचऱ्याचा आहे. तो तर तुम्ही रोज काढता!" हे मात्र खरे. या गावात सून म्हणून आले त्याला पंचवीस वर्षे होत आली. तेव्हापासून रोजचा केर माझ्याच हातून जातो. तेव्हा अधिकाराने बोलावे असा माझा विषय हाच. चुकले माकले तर सांभाळून घ्या.

माझ्या लहानपणी घरात केराची टोपली अशी नव्हतीच म्हणा ना. वाणी कागदाच्या पुडीत डाळ बांधून द्यायचा. ती पुडी आणि तिचा दोरासुद्धा आई जपून ठेवी. तेलाला किटली, दुधाला तांब्या, बाजाराला जाड कापडाची पिशवी. भाजीची देठे गाईपुढे, राख भांडी घासायला आणि उरलासुरला केर उकिरड्यावर. वर्षाने त्याचेच खत शेतात जाई. ते दिवस सुखाचेच होते असे मी म्हणत नाही. किटली घरी विसरली तर मैलभर परत जावे लागे. प्लास्टिकची पिशवी आली तेव्हा आपल्याला ती बरीच वाटली, कारण रिकाम्या हाताने बाजारात जायची सोय झाली. खरी गोष्ट एवढीच आहे. आपले हात मोकळे झाले आणि घर भरले.

आता माझाच एक अपराध सांगते. आंघोळीचा बंब पेटवायला मी रोज दुधाची नाहीतर वाणसामानाची पिशवी घालत असे. भुर्रकन पेटे, रॉकेल वाचे. एक हिवाळाभर धाकटीचा खोकला हटेना. दवाखान्यात नेली तर डॉक्टरांनी विचारले, "घरात धूर कशाचा होतो?" मी गप्प राहिले. प्लास्टिक जळते तेव्हा त्याच्या धुरात विषारी द्रव्ये असतात, आणि बंबाशी वाकून बसणारी आई नि तिच्या पदराशी उभे असलेले मूल यांच्याच छातीत तो धूर आधी जातो. घनकचरा नियमांप्रमाणे रस्त्यावर किंवा उघड्या जागेत कचरा जाळण्यास मनाई आहे. माझा बंब घरातला होता, पण छातीला घर आणि रस्ता यांतला भेद कळत नाही. त्या दिवसापासून बंबात पिशवी गेली नाही.

आपल्या राज्यात २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक पिशव्यांच्या बंदीचा आदेश निघाला. दंड ठरला पहिल्या खेपेस पाच हजार, दुसऱ्या खेपेस दहा हजार आणि तिसऱ्या खेपेस पंचवीस हजार नि तीन महिने कैद. पुढे १ जुलै २०२२ पासून सगळ्या देशात प्लास्टिकचे चमचे, पेले, ताटल्या, नळ्या अशा एकदाच वापरायच्या वस्तू बंद झाल्या. कायदा झाला. पण कायदा कागदावर असतो आणि पिशवी हातात असते.

म्हणून आपण मंडळाच्या बायकांनी आठवडे बाजारात जायचे ठरवले, आठवते ना? भाजीवाल्यांसमोर उभ्या राहून आपण हात जोडले, "मावशी, पिशव्या देऊ नका." सगळ्यांनी माना हलवल्या. आपण खुशीत घरी आलो. दोन बाजार गेले आणि सातपुड्याकडच्या खेड्यातून एस. टी. ने मेथी आणणाऱ्या एका बाईने मला हटकले. म्हणाली, "ताई, तुम्ही सांगितलं म्हणून मी पिशवी बंद केली. गिऱ्हाईक पुढच्या गाडीवर गेलं. तिथं पिशवी मिळते. आता ही मेथी परत नेऊ की फेकू? भाडं कुठून देऊ?"

भगिनींनो, मला उत्तर सुचले नाही. कारण पुढच्या गाडीवर गेलेल्यांत आपल्याच मंडळातल्या काही जणी होत्या. नावे सांगत नाही. पण त्यांतली एक मी होते. पाहुणे यायचे होते, घाईत पिशवी विसरले होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पाच हजार रुपये दंड म्हणजे जमिनीवर फडके पसरून बसणाऱ्या बाईचे किती दिवसांचे पोट! बंदीचे ओझे आपण तिच्या डोक्यावर ठेवले आणि आपण मात्र रिकाम्या हाताने फिरलो. ती पिशवी देते ती हौसेने नव्हे. आपण मागतो म्हणून देते. तेव्हा सांगायचे कुणाला? तिला नव्हे, स्वतःला.

मग आपण पद्धत बदलली. जुन्या साड्या नि चादरी गोळा करून मंडळाच्या शिलाई मशीनवर पिशव्या शिवल्या. प्रत्येक घरी दोन दिल्या. एक दाराशी किल्लीच्या खिळ्याला आणि एक मालकांच्या गाडीच्या डिकीत, कारण संध्याकाळची भाजी पुष्कळ घरांत तेच आणतात. काही पिशव्या त्या मेथीवाल्या बाईजवळ आणि तिच्या शेजारणींजवळ ठेवल्या. विसरला असाल तर दहा रुपये ठेवा, पिशवी न्या, परत आणून द्या नि दहा रुपये घ्या. सगळ्या पिशव्या परत येत नाहीत, हे कबूल करते. पण न आलेल्या पिशवीच्या दहा रुपयांत दोरा येतो, आणि गिऱ्हाईक पुढच्या गाडीवर जात नाही.

दुसरी गोष्ट ताटांची. हळदीकुंकवाला नि बारशाला थर्माकोलच्या ताटल्या नकोत म्हणून आपण वर्गणीतून स्टीलची ताटे घेतली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा मागच्या रांगेतली एक सूनबाई हळूच म्हणाली, "काकू, भाषण तुम्ही करणार, पण भांडी कोण घासणार?" काहींना राग आला. मला वाटते तिने लाखातला प्रश्न विचारला. कचरा कमी करायचा म्हणजे कुणाचे तरी काम वाढते आणि ते बहुधा घरातल्या धाकट्या सुनेचे वाढते. म्हणून आता नियम केला आहे. ताटे नेईल त्या घराने घासणारणीची मजुरी द्यायची, नाहीतर घरच्या पुरुषमंडळींनीही विसळायला बसायचे. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असेल तर ताटे काढायचीच नाहीत. आपल्या सातपुड्यात पळस काय कमी आहे? खाकऱ्याच्या पानांच्या पत्रावळी घ्याव्या. लावणाऱ्या बाईला चार पैसे मिळतात आणि जेवण झाल्यावर पत्रावळीचे खत होते.

काही प्लास्टिक मात्र घरात येणारच. दुधाची पिशवी बंदीतून वगळली आहे. ती कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा काढू नका, नुसती चीर द्या. तो एवढासा तुकडा भंगारवाल्याच्या हाती लागत नाही, गटारात जातो. पिशवी विसळून, वाळवून साठवली तर भंगारात घेतात. वेफर्सचे चकचकीत पुडे मात्र सहसा कोणी घेत नाही. ते आणणेच कमी करावे, मुले रुसली तरी.

ओल्या कचऱ्याला भोके पाडलेली जुनी बादली पुरते. खाली वाळलेला पाला, वर भाजीचा कचरा, त्यावर मूठभर माती आणि कधीमधी थोडे आंबट ताक. वरखाली करत राहिले की दोन-तीन महिन्यांत खत तयार. घरातला अर्ध्याहून जास्त केर ओलाच असतो, तो असा घरातच जिरतो. आणि एक विनवणी, शिळे अन्न पिशवीत गाठ मारून टाकू नका. गाईला गाठ सोडता येत नाही. ती पिशवीसकट गिळते आणि ती पिशवी तिच्या पोटात साठून राहते.

हे आपल्यालाच सुचले असे नाही. कोकणात वेंगुर्ले नगरपरिषदेने घरोघरचा कचरा वेगवेगळा घेऊन कचरा डेपोचे असे रूप पालटले की लोक आता तो पाहायला जातात. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांनी १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी केली. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था झाली. त्यांनी घरोघरच्या बायांना एक मागणे केले. पाळीचे कापड किंवा पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला ते उघड्या हाताने चिवडावे लागणार नाही. सभेत हे बोलायला मला संकोच वाटतो. पण आपल्याही घंटागाडीवर कुणाची तरी आई-बहीण, कुणाचा तरी भाऊ असतोच. आपला संकोच त्यांच्या हाताला का लागावा?

फार बोलले. त्या मेथीवालीकडे मी दुसऱ्याच बाजाराला गेले आणि माफी मागितली. ती हसली, जुडी माझ्या पिशवीत टाकली आणि वर चार काड्या कोथिंबीर जास्तीची दिली. आज सभेला येताना किती जणींच्या हातात पिशवी आहे हे मी मोजणार नाही. आपापली आपण पाहावी. आणि जिच्या हातात नसेल तिने जाताना दाराशी ठेवलेल्या गठ्ठ्यातली एक उचलावी, दहा रुपये ठेवून!