घाटातील वाट आणि रस्त्याची वार्ता
(वाहनचालक, शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



पूर्वी बेळगावाहून गोव्यास निघालेला मनुष्य घाट उतरण्यापूर्वी चहाच्या टपरीवर थांबे आणि समोरून आलेल्या ट्रकचालकास वाटेची खबर विचारी. आज तेच काम दूरध्वनी व इंटरनेट करीत आहेत. अमेरिकेत २००० साली ५११ हा क्रमांक प्रवासमाहितीसाठी राखून ठेवण्यात आला. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्गांवरील मदतीसाठी १०३३ आणि कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक आहेत. या सोयींचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु त्यांची मर्यादाही ओळखावी.

मोबाइलच्या नकाशावर लाल रेषा कशी उमटते? रस्त्यावरील अनेक मोबाइल संचांकडून त्यांचे स्थान व वेग कळत असतो. ते मंदावले की रेषा लाल होते. म्हणून शहरात ही माहिती बहुधा खरी ठरते. परंतु अनमोड किंवा चोर्ला घाटात, पावसाळी रात्री, वाहने मोजकी आणि रेंज तुटक असते. तेथे दरड कोसळली तरी ती वार्ता नकाशापर्यंत वेळेवर पोहोचेलच असे नाही. लाल रेषा नाही म्हणजे वाट मोकळी आहे, असे मुळीच समजू नये. कदाचित वार्ताच आलेली नसेल. हा भेद न जाणणारा चालक धुक्यातील एखाद्या वळणावर प्राणास मुकू शकतो.

यास्तव घाटात शिरण्यापूर्वी, रेंज असतानाच, चौकशी करावी. वाहन चालू असताना मोबाइल हाती घेऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानुसार ते धोकादायक वाहनचालन ठरते.

आता ग्रामस्थांना एक विनंती. वार्ता आधी कोणीतरी द्यावी लागते, तेव्हाच ती दुसऱ्यास मिळते. झाड पडले, मोरी खचली, तर फोनवर रस्त्याचे नाव, जवळचे गाव आणि किलोमीटरच्या दगडावरील आकडा सांगावा. दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. शिक्षकांनी एवढे जरी मुलांना शिकविले, तरी मदत नेमक्या ठिकाणी पोहोचेल.

टपरीवरील तो ट्रकचालक अनोळखी वाटसरूस खरी खबर देत असे. साधने बदलली; हे कर्तव्य मात्र आपणा सर्वांचेच राहिले आहे.