नवी पाटी, जुनी बोटे

पाटी हा शब्द मराठी घराला नवा नाही. लाकडी चौकटीतील दगडी पाटी, तिच्यावर फिरणारी पेन्सिल आणि पुसण्याकरिता ओले फडके, एवढ्याच सामग्रीवर कित्येक पिढ्यांनी अक्षरओळख करून घेतली. त्या पाटीचा एक मोठा गुण असा होता की, ती कोणत्याही दुकानातून आणली तरी तिच्यावर लिहिण्याची रीत एकच असे. हल्ली घरोघर आलेल्या काचेच्या पाटीला, म्हणजे टॅब्लेटला, हा गुण लाभलेला नाही. दोन टॅब्लेट शेजारी शेजारी ठेवले तर ते जुळ्या भावंडांसारखे दिसतात. परंतु एकाची सवय झालेला मनुष्य दुसऱ्याला हात लावताच गोंधळून जातो. हा गोंधळ वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. तो तसा नाही, हे पाहण्यासारखे आहे.

टॅब्लेटला चालविणारी जी अंतर्गत व्यवस्था असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम अथवा कार्यप्रणाली म्हणतात. पडद्यावर काय कोठे दिसावे, बोटाच्या कोणत्या हालचालीचा अर्थ काय, कागदपत्रे कोठे ठेवली जावीत, हे सर्व ती ठरविते. बाजारात आज मुख्यत्वे दोन प्रणाली प्रचलित आहेत. ॲपल कंपनीने २०१० साली आयपॅड विक्रीस आणला. त्याची प्रणाली त्या कंपनीचीच असून २०१९ पासून ती आयपॅडओएस या नावाने ओळखली जाते. इतर बहुतेक कंपन्यांचे टॅब्लेट गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीवर चालतात. छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोसारख्या वसाहतींत अशी अनेक घरे आढळतील की, जेथे आईवडील एकटे राहतात आणि मुले पुण्यास, बंगळूरास किंवा परदेशी असतात. वडिलांचा जुना अँड्रॉइड टॅब्लेट मंदावला म्हणजे मुलगा मोठ्या प्रेमाने नवा आयपॅड पाठवितो. भेट मोलाची असते, हेतू निर्मळ असतो; आणि तरीही पुढील काही आठवडे त्या घरात कुरबुर चालू राहते.

असे का व्हावे? प्रथम फरक कोणते, ते पाहू. अँड्रॉइडच्या पडद्याच्या तळाशी बहुधा तीन खुणा असतात: एक मागे जाण्याची, एक मुख्य पडद्यावर येण्याची आणि एक उघडलेली कामे पाहण्याची. त्यांतील ‘मागे’ ही खूण विशेष महत्त्वाची. कोठेही वाट चुकली तरी ती दाबीत राहिले की मनुष्य ओळखीच्या जागी परत येतो. आयपॅडवर अशी सर्वत्र एकाच जागी असणारी खूण नाही. तेथे मागे जाण्याचा बाण प्रत्येक ॲपमध्ये निराळा, बहुधा वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो. मुख्य पडद्यावर येण्याकरिता पूर्वी आयपॅडला एक गोल बटण असे. २०१८ पासून निघालेल्या अनेक आयपॅडांवर तेही राहिले नाही, व तळापासून वर बोट सरकविणे हीच रीत झाली. प्रकाश अथवा आवाज कमीजास्त करण्याची सोय तेथे वरच्या उजव्या कोपऱ्यातून खाली बोट ओढल्यावर सापडते. अँड्रॉइडवर ॲपची चिन्हे मुख्य पडद्यावर असतात, आणि सर्व ॲपांची संपूर्ण यादी निराळी असते. त्यामुळे मुख्य पडद्यावरून चिन्ह काढले तरी ॲप सहसा यादीत शिल्लक राहते. आयपॅडवर चिन्ह लांब दाबून काढू गेले असता दोन पर्याय विचारले जातात. त्यांतील एकाने केवळ चिन्ह हलते, तर दुसऱ्याने ॲपच, त्यातील साठविलेल्या मजकुरासह, नाहीसे होते. सवयीने घाईत बोट दुसऱ्यावर पडले की नुकसान होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्याने आयुष्यात टॅब्लेट हाताळलाच नाही, त्याला यांपैकी कोणत्याही फरकाचा त्रास होत नाही. तो जे दिसेल ते शिकतो. त्रास होतो तो ज्याला दुसरी रीत चांगली येते त्याला. अर्थात् हा त्रास अज्ञानाचा नसून ज्ञानाचाच आहे. हात ज्या गोष्टी शिकतो, त्या तो मनाला विचारून करीत नाही. कुलूप कोणत्या बाजूला फिरवावे, नळ किती पिळावा, याचा विचार कोणी करीत बसत नाही. हे हाताचे शहाणपण नेहमी उपयोगी पडते. परंतु परिस्थिती बदलली म्हणजे तेच आडवे येते.

याचे एक मनोरंजक प्रत्यंतर अमेरिकेतील अभियंता डेस्टिन सँडलिन यांनी २०१५ साली जगापुढे मांडले. त्यांच्यासाठी एक सायकल अशी बनविण्यात आली होती की, तिचा दांडा उजवीकडे वळविला असता चाक डावीकडे वळे. ही गोष्ट समजण्यास एक क्षण पुरे. परंतु ती सायकल चालविण्यास त्यांना रोजच्या थोड्या थोड्या सरावाने आठ महिने लागले. त्यांच्या लहान मुलाने ती दोन आठवड्यांत साध्य केली. पुढे त्यांनी साधी सायकल पुन्हा हाती घेतली, तेव्हा तीच त्यांना काही मिनिटे चालविता येईना. समजणे आणि अंगवळणी पडणे या दोन भिन्न गोष्टी होत. ‘एकदा सांगितले ना, मग पुन्हा पुन्हा काय विचारता?’ असे नातवंडांनी आजोबांना म्हणण्यात जी चूक आहे, ती हीच. आजोबांना सांगितलेले समजलेले असते. बोटांना मात्र ते अजून पटलेले नसते.

आता यात गमावण्यासारखे काय आहे, ते पाहू. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दर वर्षी, बहुतेकांना नोव्हेंबर महिन्यात, हयातीचा दाखला द्यावा लागतो. १० नोव्हेंबर २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ या योजनेने तो विजेच्या साधनांनी देण्याची सोय झाली, आणि २०२१ पासून चेहऱ्याच्या ओळखीवरही तो देता येऊ लागला. विजेचे बिल, बँकेचा हिशेब, डॉक्टरांची वेळ, परदेशी असलेल्या लेकीचे मुखदर्शन, या सर्व गोष्टी अनेक वृद्ध माणसे त्या काचेच्या पाटीवर स्वतः करू लागली आहेत. ज्या मनुष्याने साठीनंतर मोठ्या कष्टाने हे स्वावलंबन मिळविले, त्याच्या हातातील साधन एका दिवसात बदलले, तर तो पुन्हा शेजाऱ्याच्या मुलाची वाट पाहत बसतो. कित्येकदा तो पासवर्ड व ओटीपी परक्याच्या हाती देऊन मोकळा होतो, आणि फसवणुकीस दार उघडते. कित्येकदा तर तो नवी पाटी कपाटात ठेवून ‘आता हे आपल्याच्याने व्हायचे नाही’ असे म्हणतो. हे वाक्य ऐकू आले की समजावे, साधनाबरोबर आत्मविश्वासही हातचा गेला आहे.

परंतु रीत बदलण्याचा प्रसंग या शहरावर प्रथमच आलेला नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत हे शहर, तेव्हाचे औरंगाबाद, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. सरकारी कारभाराची भाषा उर्दू होती. ज्यांचा हात कचेरीत वर्षानुवर्षे उजवीकडून डावीकडे लिहीत आला होता, त्यांना पुढे डावीकडून उजवीकडे लिहिण्याचा कारभार अंगीकारावा लागला. संस्थानचा रुपयाही निराळा होता. त्याला ‘हाली’ म्हणत आणि इंग्रजी अमलातील रुपयाला ‘कलदार’. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा त्यांचा हिशेब होता. १९५० साली भारतीय रुपया तेथे चालू झाला व १९५१ पासून हाली काढणे थांबले. परंतु हाली नाणे कायद्याने रद्द झाले ते १९५९ साली. त्याच सुमारास, १ एप्रिल १९५७ रोजी, देशभर दशमान नाणी आली. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. आणि आण्यांची नाणीही त्यांच्याबरोबर काही काळ चालत राहिली.

म्हणजे काही काळ येथील दुकानदाराच्या गल्ल्यात हाली, आणे आणि नवे पैसे हे तिन्ही कायदेशीरपणे एकत्र नांदू शकत होते. त्या माणसांचा गोंधळ झाला नसेल असे नाही. चार आण्यांचे पंचवीस पैसे सरळ होते. पण एका आण्याचे सहा पैसे मानले तर सोळा आण्यांचे शहाण्णवच होतात, शंभर होत नाहीत. तरीही व्यवहार बंद पडला नाही. याचे एक कारण असे की, जुने एका रात्रीत काढून घेतले गेले नाही. नवे शिकत असता जुन्याचा आधार हाताशी राहिला. शिवाय, लोकांनी नवे नाणे ओळखले ते त्याच्यावरील आकड्याने नव्हे, तर त्याने काय विकत मिळते यावरून. ‘बारा आणे’ हा शब्द तर नाणी गेल्यावरही कित्येक वर्षे जिभेवर राहिला.

काचेच्या पाटीच्या बाबतीत याच अनुभवाचा उपयोग करून घेता येईल. नवा टॅब्लेट आला म्हणून जुना त्याच दिवशी कोणाला देऊन टाकू नये. निदान एक महिना दोन्ही जवळ असावेत. निकडीचे काम जुन्यावर व्हावे, नव्यावर सवडीचे. नवे साधन प्रथम चालू करतानाच घाई न करता जुन्यातील संपर्क, छायाचित्रे आणि दिनदर्शिका त्यात आणून घ्याव्यात. अँड्रॉइडवरून आयपॅडकडे जाणाऱ्यांसाठी ॲपलने ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप २०१५ पासून ठेविले आहे. एका प्रणालीवर पैसे देऊन घेतलेले ॲप मात्र दुसरीवर आपोआप येत नाही, हे आधीच जाणून असावे.

दुसरी गोष्ट शिकविण्याच्या पद्धतीची. बहुधा शिकविणारा खुणांपासून आरंभ करतो: हे चिन्ह याचे, ते चिन्ह त्याचे. शिकणाऱ्याला मात्र काम हवे असते. यास्तव एक लहानशी वही करावी आणि तिच्यात कामांची नावे घरच्या भाषेत लिहावीत: ‘लेकीला फोन लावणे’, ‘विजेचे बिल भरणे’, ‘आलेला कागद पुन्हा शोधणे’. प्रत्येक कामाखाली पायऱ्या असाव्यात, आणि त्या शिकणाऱ्याने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहाव्यात. एका दिवशी एकच काम घ्यावे. पहिल्या दिवशी शिकावयाचे ते एवढेच की, वाट चुकली असता मुख्य पडद्यावर परत कसे यावे. परतीची वाट ठाऊक असली म्हणजे मनुष्य अनोळखी गावातही निर्भयपणे फिरतो.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, कारण ती तरुणांच्या संयमाची आहे. शिकविताना काचेवर बोट फक्त शिकणाऱ्याचे असावे. ‘द्या इकडे, मी करून देतो’ असे म्हणून नातवाने पाच सेकंदांत जे काम उरकले, त्यातून आजींची बोटे काहीच शिकत नाहीत. उलट आपण मागे पडलो एवढेच त्या शिकतात. तेच काम त्यांच्या बोटांनी पाच मिनिटांत होऊ द्यावे. एवढा वेळ देणे हीच त्या महागड्या भेटीची खरी पूर्तता होय.

राहता राहिली मराठी लिहिण्याची गोष्ट. टॅब्लेट बदलला की अक्षरफलकही बदलतो. एकावर अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली असू शकतात, तर दुसऱ्यावर इन्स्क्रिप्ट पद्धतीने. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाण म्हणून ठरविलेल्या या पद्धतीत स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे असतात. ज्यांना बरेच लिहावयाचे असते त्यांनी ती शिकणे श्रेयस्कर. कारण ती कोणा एका कंपनीची नसल्यामुळे यंत्र बदलले तरी बहुतेक ठिकाणी सापडते. लिहिलेल्या मजकुरालाही हाच न्याय लागू आहे. विशिष्ट फाँटाच्या सांकेतिक मांडणीत साठविलेले जुने मराठी लेख दुसऱ्या यंत्रावर उघडले की निरर्थक खुणांचा ढीग दिसतो. १९९१ साली सिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले, आणि तेव्हापासून प्रत्येक अक्षराला यंत्रनिरपेक्ष असा क्रमांक आहे. युनिकोडमध्ये लिहिलेले पत्र अँड्रॉइडवरही वाचता येते व आयपॅडवरही.

यावरून संसारात जपून ठेवण्यासारखे काय, याचा उलगडा होतो. यंत्रे येतील आणि जातील; आज शिकलेली बोटांची चाल काही वर्षांनी पुन्हा विसरावी लागेल. ज्या घरात मजकूर, छायाचित्रे आणि हिशेब कोणत्याही यंत्रावर उघडतील अशा रीतीने ठेविलेले असतील, ज्या घरात कामाची वही असेल, आणि ज्या घरात हळू शिकणाऱ्याला कोणी हसत नसेल, त्या घराला नव्या पाटीचे भय बाळगण्याचे कारण नाही.